ओकिनावा : रणांगणातच ज्यांची घरे होती

(द्वितीय वर्ष कला)

दुसऱ्या महायुद्धाच्या इतिहासात ओकिनावाच्या लढाईला बहुधा एकच परिच्छेद मिळतो. १९४५ च्या एप्रिलमध्ये अमेरिकन सैन्य जपानच्या दक्षिणेकडील या बेटावर उतरले, जूनअखेर बेट त्यांच्या हाती आले, आणि जपानच्या मुख्य भूमीची वाट मोकळी झाली, एवढे सांगून पुस्तक हिरोशिमाकडे वळते. परीक्षेपुरत्या सनावळ्या पाठ करून आपणही त्याच्यामागून पुढे जातो. परंतु या लढाईतील मृतांचे आकडे जरा थांबून पाहिले, तर मन सुन्न होते. बाहेरून आलेल्या दोन्ही सैन्यांची मिळून जितकी माणसे येथे मेली, त्याहून अधिक माणसे त्या बेटावर राहणाऱ्या साध्या, बिनशस्त्र जनतेतील मेली. शेतकरी, म्हातारेकोतारे, लेकुरवाळ्या बाया आणि शाळेत जाणारी मुले.

आमच्याकडे लढाई म्हटली की ती सरहद्दीवरची गोष्ट असते. कोणाचा तरी मुलगा पलटणीत असतो आणि घरचे त्याच्या पत्राची वाट पाहत असतात. लढणारा तिकडे आणि घर इकडे, अशी एक रेषा आपण मनात आखलेली असते. ओकिनावात ही रेषाच उरली नाही. माणसे मेली कशी, याचे उत्तर सोपे आहे : तोफगोळ्यांनी, बाँबनी, आगीने, उपासमारीने, मलेरियाने. परंतु ती एवढ्या मोठ्या संख्येने का मेली, त्यांना वाचवता आले नसते काय, या प्रश्नाचे उत्तर इतके सोपे नाही. तेच या लेखात समजून घेण्याचा मी प्रयत्न करणार आहे.

बेट आणि त्याचे धनी

ओकिनावा हे र्‍युक्यू नावाच्या द्वीपमालेतील सर्वांत मोठे बेट. लांबी सुमारे १०० किलोमीटर, क्षेत्रफळ सुमारे १२०० चौरस किलोमीटर, म्हणजे बृहन्मुंबईच्या साधारण दुप्पट. रताळी आणि ऊस ही तेथील मुख्य पिके. येथे एकेकाळी र्‍युक्यूचे स्वतंत्र राज्य होते. त्याची राजधानी शुरी. चीन, जपान आणि आग्नेय आशिया यांच्याशी व्यापार करून हे छोटे राज्य सुखाने नांदत होते. १६०९ मध्ये जपानच्या सात्सुमा सरदारांनी त्यावर स्वारी करून त्याला मांडलिक बनविले, आणि १८७९ मध्ये जपान सरकारने ते राज्य खालसा करून त्याचा ‘ओकिनावा प्रांत’ केला. ‘खालसा’ हा शब्द आपल्याला सातारा, नागपूर आणि झाशीच्या इतिहासातून चांगला परिचयाचा आहे. त्यामागे काय काय दडलेले असते, हे निराळे सांगावयास नको.

खालसा झालेल्या प्रांतातील लोकांना ‘खरे जपानी’ बनविण्याचे काम प्रामुख्याने शाळांकडे आले. ओकिनावाच्या भाषा जपानीहून इतक्या वेगळ्या, की टोकियोच्या माणसाला त्या कळत नाहीत. शाळेत जे मूल घरची भाषा बोलेल, त्याच्या गळ्यात एक लाकडी पाटी अडकविण्याची प्रथा होती. ‘बोलीची पाटी’ असेच तिचे नाव. दुसरे कोणी तसे बोलताना सापडले, म्हणजे ती पाटी त्याच्या गळ्यात जाई. अशा रीतीने पोरांनीच पोरांवर पाळत ठेवावी, अशी ती व्यवस्था होती. ही पाटी पुढे काय रूप घेणार होती, ते आपण पाहूच.

१९४४ च्या मार्चमध्ये या बेटाच्या रक्षणासाठी जपानची ३२ वी सेना उभारण्यात आली. विमानतळ बांधण्यासाठी गावकऱ्यांना आणि विद्यार्थ्यांना कामाला जुंपले गेले. जुलैमध्ये सायपान बेट पडले. तेव्हा लहान मुले, बाया आणि वृद्ध यांना ओकिनावातून दूर हलविण्याचा निर्णय झाला. परंतु २२ ऑगस्ट १९४४ रोजी मुलांना घेऊन निघालेले ‘त्सुशिमा मारू’ हे जहाज अमेरिकन पाणबुडीने बुडविले. सुमारे १४८० माणसे मेली. त्यांत ७८० हून अधिक शाळकरी मुले होती. ही बातमी कोणालाही सांगू नये, अशी सक्त ताकीद वाचलेल्यांना देण्यात आली. पण आईबापांपासून अशी बातमी किती दिवस लपणार? जहाजावर चढायला लोक भिऊ लागले. नंतर १० ऑक्टोबरला झालेल्या हवाई हल्ल्यात नाहा या मुख्य शहराचा सुमारे नव्वद टक्के भाग जळाला. बेटावर राहावे तर आग आणि सोडावे तर समुद्र, अशी लोकांची अवस्था झाली. लाखो माणसे बेटावरच राहिली.

वेळ विकत घेण्यासाठी

जपान हरणार हे १९४५ च्या आरंभी जाणत्यांना दिसत होते. १४ फेब्रुवारीला माजी पंतप्रधान कोनोए यांनी सम्राटांना तसे स्पष्ट सांगितले आणि युद्ध लवकर संपविण्याची विनंती केली. परंतु आणखी एखादी लढाई जिंकल्यावाचून तहाची बोलणी कठीण, असे सम्राटांचे मत पडले. म्हणजे ओकिनावाची लढाई सुरू होण्यापूर्वीच ती टाळण्याची एक संधी येऊन गेली होती.

सेनापती मित्सुरु उशिजिमा यांच्या हाताखाली सुमारे एक लाख माणसे होती. त्यांतील वीस हजारांहून अधिक ओकिनावातूनच भरती केलेली होती. समोर येणारा शत्रू कित्येक पटींनी मोठा होता. जिंकणे शक्य नव्हते आणि तसे उद्दिष्टही नव्हते. उद्दिष्ट होते ते वेळ काढण्याचे. शत्रूला येथे जितके दिवस गुंतवावे, तितके दिवस मुख्य भूमीला तयारीसाठी मिळतील, असा हिशेब होता. जो मनुष्य जिंकण्यासाठी लढतो, तो हार दिसली की थांबतो. जो केवळ वेळ काढण्यासाठी लढतो, त्याला थांबायला जागाच नसते, कारण प्रत्येक जादा दिवस हेच त्याचे यश असते. ओकिनावाच्या लोकांच्या नशिबाची गुरुकिल्ली माझ्या मते येथे आहे. दिवस मोजले गेले सैन्याच्या खात्यात. त्यांची किंमत मात्र पडली गावांच्या खात्यात.

२६ मार्च १९४५ रोजी अमेरिकन सैन्य शेजारच्या केरामा बेटांवर उतरले आणि १ एप्रिलला मुख्य बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावर. किनाऱ्यावर फारसा विरोध झालाच नाही. उशिजिमांनी आपले सैन्य दक्षिणेकडे, शुरीच्या जुन्या राजवाड्याखाली खणलेल्या भुयारांत आणि आसपासच्या टेकड्यांत दडवून ठेवले होते. पुढचे दोन महिने या टेकड्यांसाठी जी झुंज झाली, तिला तोड नाही. ‘शुगर लोफ’ असे टोपणनाव दिलेली एक लहानशी टेकडी घेताना अमेरिकेच्या सहाव्या मरीन डिव्हिजनचे २६६२ सैनिक मेले वा जखमी झाले, आणि आणखी १२८९ जणांना मानसिक आघातामुळे मागे न्यावे लागले. समुद्रात, मुख्यतः जपानच्या आत्मघातकी विमानांच्या हल्ल्यांत, सुमारे ४९०० अमेरिकन नौसैनिकांचा बळी गेला. त्या विमानांतील तरुणांत कॉलेजमधून सैन्यात ओढलेले विद्यार्थीही होते. १८ जूनला अमेरिकन सेनापती सायमन बकनर स्वतः तोफगोळ्याने मारले गेले. तेव्हा या हानीचा भार एकाच बाजूने उचलला असे कोणी समजू नये. जो जेथे उभा होता, तेथे त्याला मृत्यू गाठत होता. बेटावरील लोकांनी या लढाईला नाव दिले, ‘पोलादाचे वादळ’.

मेअखेरीस शुरी राखणे अशक्य झाले. आता दोन पर्याय होते. तेथेच अखेरची लढाई देऊन संपावे, किंवा दक्षिणेच्या टोकाकडे माघार घेऊन आणखी काही आठवडे झुंजावे. सेनापतींनी दुसरा पर्याय पत्करला. सैन्याच्या दृष्टीने हा निर्णय तर्काला धरून होता. परंतु दक्षिणेत तोवर सुमारे एक लाख नागरिक आश्रयाला गेले होते. पावसाचे दिवस, गुडघाभर चिखल, रस्त्याच्या कडेला प्रेते, आणि त्यातून सैनिक व गावकरी यांचा एकच लोंढा दक्षिणेकडे निघाला. वरून पाहणाऱ्या वैमानिकाला यांतला सैनिक कोणता आणि पाठीवर पोर घेतलेली बाई कोणती, हे कसे कळावे?

दक्षिण ओकिनावाची भूमी चुनखडकाची. तेथे नैसर्गिक गुहा पुष्कळ. त्यांना स्थानिक भाषेत ‘गामा’ म्हणतात. गावकरी आधीपासून या गुहांत राहत होते. मागाहून सैनिक आले आणि कित्येक ठिकाणी त्यांनी गावकऱ्यांना तोफांच्या माऱ्यात बाहेर काढले. जेथे दोघे एकत्र राहिले, तेथे रडणाऱ्या मुलाच्या आवाजाने शत्रूला सुगावा लागेल म्हणून मुलाला गप्प करण्याची सक्ती झाली. ‘गप्प करणे’ याचा अर्थ वाचकांनी समजून घ्यावा. आणि बाहेरून अमेरिकन सैनिक गुहेच्या तोंडाशी येऊन बाहेर येण्याची हाक देत. कोणी आले नाही, की आत स्फोटके टाकीत वा ज्वालाफेकी यंत्राने आग सोडीत. आत कोण आहे हे त्यांना दिसत नसे. सैन्य आणि जनता एकाच गुहेत राहू लागली, की त्यांचा मृत्यूही एकच होतो.

दोन गुहा

या साऱ्या इतिहासात मला सर्वांत अधिक विचार करायला लावणारी घटना योमितान गावातील आहे. या गावात एकमेकींपासून एक किलोमीटरही अंतर नसलेल्या दोन गुहा आहेत. एकीचे नाव चिबिचिरी आणि दुसरीचे शिमुकु. अमेरिकन सैन्य याच गावाच्या किनाऱ्याला उतरले. दोन्ही गुहांत एकाच गावची माणसे होती, एकच भीती होती आणि बाहेर एकच शत्रू होता.

चिबिचिरी गुहेत सुमारे १४० माणसे होती. शत्रूच्या हाती सापडलेल्या पुरुषांना हालहाल करून मारतात आणि बायकांची विटंबना करतात, असे त्यांच्या मनावर वर्षानुवर्षे बिंबवलेले होते. चीनमधील युद्ध जवळून पाहिलेली माणसेही त्या गुहेत होती. जपानी सैन्याने तेथे काय केले हे त्यांना ठाऊक होते. तेच आता आपल्या वाट्याला येणार, असे त्यांनी धरले. २ एप्रिलला त्या गुहेत ८० हून अधिक माणसांनी एकमेकांचा आणि स्वतःचा अंत केला. त्यांत निम्म्याहून अधिक लहान मुले होती. मुलांच्या बाबतीत ‘आत्महत्या’ हा शब्द वापरता येईल काय? म्हणूनच ओकिनावातील अनेक अभ्यासक या घटनांना ‘सक्तीचे सामूहिक मरण’ म्हणतात. केरामा बेटांपैकी तोकाशिकी येथे २८ मार्चला अशाच रीतीने तीनशेहून अधिक माणसे मेली. तेथे गावकऱ्यांना हातबाँब वाटले गेले होते. ते फुटले नाहीत, तेव्हा माणसांनी काठ्या, दगड, दोऱ्या, जे हाताशी आले ते वापरले. त्या वेळी सोळा वर्षांचे असलेले शिगेआकी किंजो यांनी थोरल्या भावासह आपल्या आईला आणि धाकट्या भावंडांना मारले. ते स्वतः वाचले. पुढे ते ख्रिस्ती धर्मोपदेशक व प्राध्यापक झाले, आणि २०२२ मध्ये निधन होईपर्यंत ही गोष्ट जगाला सांगत राहिले. प्रेम असल्यामुळे मारले, शत्रूच्या हाती पडू नये म्हणून मारले, ही त्यातली सर्वांत भयंकर गोष्ट होय.

आता दुसरी गुहा. शिमुकु गुहेत सुमारे एक हजार माणसे होती. तेथेही काही जण बांबूचे भाले घेऊन मरायला तयार झाले होते. परंतु त्यांच्यात पोटासाठी हवाई बेटांवर जाऊन परत आलेले दोन गृहस्थ होते. त्यांना इंग्रजी येत होते, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे अमेरिकन ही माणसेच असतात हे त्यांनी आपल्या डोळ्यांनी पाहिले होते. त्यांनी लोकांना थोपविले, बाहेर जाऊन सैनिकांशी बोलणे केले आणि जवळजवळ सगळी हजार माणसे जिवंत बाहेर आली.

अमेरिकन सैन्याकडून अत्याचार झालेच नाहीत, असे मला म्हणावयाचे नाही. या बेटावर स्त्रियांवरील बलात्काराच्या घटना घडल्या आणि त्या पुष्कळदा दडपल्या गेल्या. परंतु शरण गेलेली लाखो माणसे छावण्यांत जगली, हेही तितकेच खरे आहे. म्हणजे दोन गुहांमधील फरक शत्रूच्या वागण्यात नव्हता. तो आतल्या माणसांना काय शिकवले गेले होते आणि त्यांच्यापैकी कोणाला त्या शिकवणीबाहेरचे काही ठाऊक होते की नाही, यात होता. शाळेत शिकवलेल्या ज्ञानाने एक गुहा बुडाली आणि मजुरीच्या वाटेवर मिळालेल्या ज्ञानाने दुसरी तरली. माझ्या घरात कॉलेजचे तोंड पाहणारा मी पहिलाच. छापलेल्या अक्षरावर आमच्या घरात देवासारखा विश्वास. मास्तर सांगतील ते प्रमाण, ही शिकवण घेऊनच मी वाढलो. त्यामुळे या दोन गुहांची हकीकत मला सहज बाजूला ठेवता येत नाही.

बोलीची शिक्षा

शाळेतील त्या लाकडी पाटीकडे आता पुन्हा वळू. ९ एप्रिल १९४५ रोजी ३२ व्या सेनेने एक हुकूम काढला. जो कोणी ओकिनावाची भाषा बोलेल, त्याला हेर समजून शासन करण्यात येईल, असा त्याचा आशय होता. शासन म्हणजे मृत्युदंड. सैनिक बहुतेक मुख्य भूमीवरचे, त्यांना ही भाषा कळत नसे, म्हणून ती बोलणारा संशयित! आणि गावातल्या म्हाताऱ्यांना तर दुसरी भाषा धड येतच नव्हती. आपल्याच देशाच्या सैनिकाने दरडावून विचारल्यावर घाबरलेली आजी ज्या भाषेत उत्तर देईल, तीच तिचा गुन्हा ठरणार. या संशयापायी अनेक निरपराध ओकिनावावासी आपल्याच सैन्याच्या हातून मेले. कुमे नावाच्या बेटावर तर नौदलाच्या तुकडीने एकूण वीस रहिवाशांना हेर ठरवून मारले. त्यांतील काहींना जपानने शरणागती जाहीर केल्यानंतर मारण्यात आले.

घरची भाषा वेगळी आणि पुस्तकाची वेगळी, हा अनुभव आपल्या कॉलेजातही अनेकांना आहे. ‘आनि-पानी’ म्हणणाऱ्या पोरावर वर्ग हसतो. ते हसणे आणि तो हुकूम यांची बरोबरी करणे अतिशयोक्तीचे होईल, आणि मी ती करीत नाही. परंतु ज्या माणसांची भाषा आपण हलकी ठरवितो, त्यांचे जीवही हळूहळू हलके वाटू लागतात, एवढे मात्र ओकिनावाकडे पाहून निश्चित म्हणता येते. गळ्यातली पाटी आणि छातीवरची बंदूक यांच्यामध्ये काही वर्षांचेच अंतर होते.

एका शालेय नियतकालिकाचे नाव

नाहा शहरात आसातो भागात एकाच आवारात मुलींच्या दोन संस्था होत्या. एक प्रांतातील पहिले कन्या विद्यालय आणि दुसरी स्त्री-शिक्षिका तयार करणारी नॉर्मल स्कूल. दोन्ही संस्थांची आपापली नियतकालिके होती. एकीच्या अंकाचे नाव ‘ओतोहिमे’ आणि दुसरीच्या ‘शिरायुरी’, म्हणजे पांढरी लिली. दोन्ही नावे जोडून ‘हिमेयुरी’ हे नाव तयार झाले. आज जगभर जे नाव युद्धात बळी गेलेल्या विद्यार्थिनींचे म्हणून ओळखले जाते, ते मुळात आपल्या या वार्षिक अंकासारख्याच एका अंकाचे नाव होते. हे वाचल्यापासून कॉलेजच्या अंकाचे पान उलटताना माझा हात क्षणभर थांबतो.

२३ मार्च १९४५ च्या रात्री या दोन संस्थांतील २२२ विद्यार्थिनी आणि १८ शिक्षक यांना हाएबारु येथील लष्करी रुग्णालयात रुजू होण्यासाठी नेण्यात आले. मुली पंधरा ते एकोणीस वर्षांच्या. काही दिवसांचेच काम आहे, मग पुन्हा वर्ग भरतील, असे त्यांना वाटत होते. २९ मार्चच्या रात्री, तोफांच्या आवाजात, मिणमिणत्या उजेडात, एका लष्करी खोपटात त्यांचा पदवीदान समारंभ उरकण्यात आला.

रुग्णालय म्हणजे टेकडीत खणलेली भुयारे. आत दुतर्फा फळ्यांचे मंचक, हवा नाही, उजेड नाही. जखमांत किडे पडलेले. भूल देण्याचे औषध संपले, तसे हातपाय तसेच कापले जात आणि मुली रुग्णाला धरून ठेवीत. कापलेले अवयव बाहेर नेऊन टाकणे, प्रेते पुरणे, गोळ्यांच्या वर्षावात पाणी आणि भाताचे गोळे आणणे, ही सारी कामे या मुलींकडे होती. मेअखेर दक्षिणेकडे निघण्याचा हुकूम झाला, तेव्हा चालू न शकणाऱ्या सैनिकांना दुधातून विष देण्यात आले.

सर्वांत दारुण भाग यापुढचा. १८ जूनला दक्षिणेतील गुहांत असलेल्या या मुलींना सांगण्यात आले, की पथक विसर्जित झाले आहे. यापुढे प्रत्येकीने आपापल्या जबाबदारीवर वागावे. बाहेर चोहोकडे शत्रू, वर तोफा, आणि शरण जाणे म्हणजे देशद्रोह ही शिकवण मनात पक्की. दुसऱ्याच दिवशी इहारा येथील एका गुहेवर हल्ला झाला आणि आतील शंभराच्या आसपास माणसांपैकी सुमारे ऐंशी मेली. विसर्जनाच्या हुकमापूर्वीच्या जवळजवळ नव्वद दिवसांत या पथकातील १९ जणी व शिक्षक मेले होते. हुकमानंतरच्या थोड्या दिवसांत शंभराहून अधिक मेले. एकूण १२३ विद्यार्थिनी आणि १३ शिक्षक. ज्या सैन्याने त्यांना शाळेतून उचलून आणले, त्याने शेवटी त्यांना ‘तुम्ही मोकळ्या आहात’ असे सांगून रणांगणात सोडून दिले.

मुलांचीही हीच गत. चौदा वर्षांपासूनच्या विद्यार्थ्यांची ‘लोह-रक्त’ पथके बनवून त्यांना निरोपे, तारा जोडणारे आणि सैनिक म्हणून वापरण्यात आले. त्यांत नॉर्मल स्कूलचा एकोणीस वर्षांचा विद्यार्थी होता, मासाहिदे ओता. म्हणजे आज माझे आहे तेच वय. त्याचे कितीतरी सोबती डोळ्यांदेखत मेले. तो वाचला, पुढे इतिहासाचा अभ्यासक झाला, प्राध्यापक झाला आणि १९९० ते १९९८ या काळात ओकिनावाचा राज्यपाल होता. २०१७ मध्ये त्यांचे निधन झाले.

आकडे आणि नावे

२२-२३ जूनच्या सुमारास माबुनीच्या कड्यावरील गुहेत उशिजिमांनी आत्महत्या केली. परंतु त्यापूर्वी त्यांनी उरलेल्यांना शेवटपर्यंत लढण्याचा आदेश देऊन ठेवला होता. शरणागती पत्करू शकेल असा सेनापतीच उरला नाही. त्यामुळे लढाई ‘संपल्या’नंतरही माणसे मरत राहिली. उरलेल्या जपानी फौजांची रीतसर शरणागती झाली ती ७ सप्टेंबरला.

ओकिनावा प्रांताच्या हिशेबानुसार मृतांची संख्या २,००,६५६ आहे. त्यांत अमेरिकन १२,५२०, इतर प्रांतांतून आलेले जपानी सैनिक ६५,९०८, ओकिनावातील सैनिक व सैन्याकडील कामगार २८,२२८ आणि सामान्य नागरिक सुमारे ९४,०००. म्हणजे ओकिनावाची एकूण १,२२,२२८ माणसे, चौघांमागे सुमारे एक. नागरिकांचा आकडा अंदाजाचाच आहे, कारण गावच्या नोंदवह्या जळाल्या आणि कित्येक कुटुंबांत मृतांचे नाव सांगणारेही कोणी उरले नाही. दक्षिणेकडील याएयामा बेटांवर तर लढाई झालीच नाही. पण सैन्याच्या हुकमाने लोकांना मलेरियाच्या रानात हलविण्यात आले आणि ३६०० हून अधिक माणसे तापाने मेली. मजुरीसाठी आणि सैनिकांच्या वासनेसाठी जबरदस्तीने आणलेल्या कोरियन स्त्रीपुरुषांपैकी किती मेले, याची तर धड मोजदादच झाली नाही.

लढाईनंतर हे बेट २७ वर्षे अमेरिकेच्या अमलाखाली राहिले आणि १५ मे १९७२ रोजी जपानला परत मिळाले. तळ मात्र राहिले. जपानच्या ०.६ टक्के भूमीवर, म्हणजे या एका प्रांतात, केवळ अमेरिकन फौजांच्या वापरासाठी असलेल्या तळांचे सुमारे ७० टक्के क्षेत्र आहे. नांगरताना वा पाया खणताना न फुटलेले बाँब अजून सापडतात, आणि हाडेही सापडतात.

१९८९ मध्ये वाचलेल्या विद्यार्थिनींनी आणि त्यांच्या माजी विद्यार्थिनी संघाने इतोमान येथे हिमेयुरी शांतता संग्रहालय उभारले. आपण जगलो याची लाज वाटून अनेक जणी कितीतरी वर्षे गप्प होत्या. पुढे त्याच म्हाताऱ्या झालेल्या मुली शाळकरी मुलांसमोर उभ्या राहून आपल्या मैत्रिणींची हकीकत सांगू लागल्या.

आणि १९९५ मध्ये, पन्नास वर्षे झाली तेव्हा, मासाहिदे ओता राज्यपाल असताना माबुनीला एक स्मारक उभे राहिले. काळ्या दगडांच्या लांबच लांब भिंती, आणि त्यांवर नुसती नावे. जपानी, अमेरिकन, कोरियन, तैवानी, ब्रिटिश, सैनिक आणि नागरिक, सर्वांची. पदव्या नाहीत, हुद्दे नाहीत. आज तेथे २,४०,००० हून अधिक नावे आहेत आणि दरवर्षी त्यांत नव्या नावांची भर पडते. २३ जूनला लोक येतात, दगडावरच्या अक्षरांवरून बोट फिरवितात, फुले आणि पाणी ठेवतात. काही ठिकाणी मात्र नावच नाही. ‘अमक्याचा थोरला मुलगा’, ‘अमकीचे मूल’, एवढेच कोरलेले आहे. कारण त्या बाळांचे नाव कोणाला आठवत नाही, किंवा ते ठेवले जाण्यापूर्वीच ती गेली. आपल्याकडे बारशापर्यंतही ज्यांना आयुष्य मिळाले नाही असे आपण म्हणू, तशी ती बाळे.

इतिहासाचा विद्यार्थी म्हणून आपण सेनापतींच्या डावपेचांचे गुणदोष लिहितो आणि त्याला गुणही मिळतात. ते लिहावेच. परंतु कोणत्याही लढाईचा जमाखर्च मांडताना आणखी दोन प्रश्न विचारावेत, असे मला वाटते. ज्यांच्या नावाने ही लढाई लढली गेली, त्यांना कोणी विचारले होते काय? आणि जे मेले, त्यांना मरणाआधी शाळेत काय शिकवले होते? यांतला दुसरा प्रश्न विशेषेकरून आपला आहे. कारण आपल्या वर्गातील निम्म्याहून अधिक जण उद्या बी.एड्. करून कोठल्या ना कोठल्या गावात मास्तर होणार आहेत. आपल्यासमोर बसणारी पोरे आपण सांगू ते खरे मानतील. त्यांच्या घरीही छापलेल्या अक्षराला देव मानणारे आईबाप असतील.